अकराशे गुणिले पाच

आपल्याकडे कुणी दगा दिला की सूर्याजी पिसाळचं नाव निघतं. टीमचं प्रेझेंटेशन कुणी बॉसच्या कानात आधीच घालून आलं, की कँटीनमध्ये त्याचं बारसं होतं, 'पिसाळ'. १६८९ साली रायगड पडला, तो वाईच्या देशमुखीच्या लोभापायी, हे आपण शाळेपासून ऐकलेलं. इतिहासकार त्यावर आता वाद घालतात, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ख्रिस्ती जगात हा मान दोघांना मिळालाय. पुरुषांत यहूदा, बायकांत दलीला.

वसईत राहिल्यामुळे माझ्या फोनमध्ये मारिया आहेत, लिली आहेत, दोन मार्था आहेत. दलीला एकही नाही. आजवर भेटलीच नाही. बाकी जगात मात्र तिची चलती आहे. टॉम जोन्सचं १९६८चं गाणं, आपल्याकडे १९६४ साली आलेला दारासिंगचा 'सॅमसन', आणि त्याच्याही आधी, १९४९चा सेसिल बी. डिमिलचा भव्यदिव्य सिनेमा. त्यात दलीला झाली होती हेडी लामार. (जाता जाता, या बाईंनी जॉर्ज अँथील नावाच्या संगीतकाराबरोबर १९४२ साली रेडिओच्या फ्रिक्वेन्सी सतत बदलत ठेवायच्या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. तुमच्या कानातला ब्लूटूथ आज तीच कल्पना वापरतो. सौंदर्य आणि डोकं एकत्र नांदत नाही म्हणणाऱ्यांसाठी हे फुकट.)

तर मीही दलीला म्हणजे हातात कात्री, डोळ्यात काजळ, एवढंच समजत होते. मग विरार फास्टमधल्या माझ्या मैत्रिणीनं मला मूळ गोष्ट वाचायला लावली. ती वसईच्या गावातली, वाडीतली. माझं घर स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये. गेली सहा वर्षं आम्ही एकाच डब्यात, बहुतेकदा उभ्यानं. तिच्या घरी 'सुबोध बायबल' आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी मराठीत आणलेलं. २०१० साली ते आलं आणि २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. दिब्रिटो नंदाखालचे. उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि त्याआधी कित्येक वर्षं 'हरित वसई' चळवळीतला आवाज. २०२४च्या जुलैत ते गेले. जाडजूड पुस्तक. मी त्यातला 'शास्ते' नावाचा भाग काढला, अध्याय सोळा. चार-पाच स्टेशनांत वाचून होतो. आणि वाचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली, ती ही की कात्री तिच्या हातात नाहीच.

गोष्ट थोडक्यात सांगते. शमशोन हा इस्राएलचा दांडगा वीर. जन्माआधीपासून देवाला वाहिलेला, 'नाजीर', म्हणून केसाला वस्तरा लावायचा नाही. त्याची ताकद अफाट आणि त्याचं बायकांच्या बाबतीतलं शहाणपण शून्य. शत्रू म्हणजे पलिष्टी लोक. शमशोनाचं सोरेक खोऱ्यातल्या दलीला नावाच्या बाईवर प्रेम बसतं. त्याचं तिच्यावर. तिचं त्याच्यावर होतं असं त्या अध्यायात एका अक्षरानंही म्हटलेलं नाही. ती पलिष्टी होती असंही नाही. कुणाची मुलगी, कुणाची बायको, तेही नाही. त्या काळच्या पुस्तकात बाईची ओळख बहुधा कुठल्यातरी पुरुषाच्या नावानं होते. ही आपली एकटी, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या घरात. थोडक्यात, आपल्यातल्या बऱ्याच जणींसारखी.

पलिष्ट्यांचे सरदार तिच्याकडे येतात आणि ऑफर देतात. याची ताकद कशात आहे ते काढून घे, आमच्यापैकी प्रत्येक जण तुला चांदीचे अकराशे तुकडे देईल. सरदार पाच. म्हणजे साडेपाच हजार.

साडेपाच हजार म्हणजे किती हे कळायला मी पुढचा अध्याय उघडला आणि हबकलेच. तिथं मीखा नावाचा माणूस एका लेवीला आपल्या घरचा पुजारी म्हणून नोकरीवर ठेवतो. पॅकेज काय? वर्षाला चांदीचे दहा तुकडे, वर कपडे आणि जेवण. आता लावा हिशोब. साडेपाच हजार भागिले दहा. पाचशे पन्नास वर्षांचा पगार! तुमचं पॅकेज वर्षाला आठ लाख धरलं तर चव्वेचाळीस कोटी. कपडे-जेवण धरलेलं नाही. (याच मीखानं आपल्या आईची चांदी चोरलेली असते. किती? अकराशे तुकडे. हा आकडा त्या पुस्तकात लोभाच्या पाठीमागेच फिरत असावा.)

चव्वेचाळीस कोटी. 'मी कधीच नाही करणार' असं म्हणायच्या आधी हा आकडा एकदा मोठ्यानं म्हणून बघा. मी लोकलमध्ये म्हणून बघितला. समोरच्या मावशींनी वळून पाहिलं.

गंमत म्हणजे पुढच्या कलावंतांना हे पैशाचं कारण फारसं पचलेलं नाही. सँ-साँसचा ऑपेरा १८७७ साली रंगमंचावर आला, त्यातली दलीला सोनंनाणं झिडकारते, तिला सूड हवा असतो. मिल्टननं १६७१ साली तिला शमशोनाची लग्नाची बायको केलं आणि देशप्रेम-धर्मप्रेमाची कारणं तिच्या तोंडी घातली. डिमिलच्या सिनेमात ती मत्सरानं पेटलेली. सगळ्यांनी मिळून तिला काहीतरी भारी, जळजळीत कारण दिलं. मूळ लिहिणाऱ्यानं मात्र रक्कम सांगितली आणि गप्प बसला. मला विचाराल तर तोच खरा जाणकार. ऑफिसात मी आजवर जे दगे बघितलेत त्यांत सूडबीड कुठेच नव्हता. होतं ते इन्क्रिमेंट, क्लायंट, नाहीतर कॉर्नरची केबिन.

आता तिची पद्धत बघा. ती काही चोरून बघत नाही, दारू पाजून बोलतं करत नाही. ती सरळ विचारते. तुझी ताकद कशात आहे आणि तुला बांधायचं कशानं? तो थाप मारतो, धनुष्याच्या सात ओल्या वाद्यांनी बांध. ती बांधते, आतल्या खोलीत माणसं दबा धरून असतात, ती ओरडते, 'आले रे पलिष्टी!' तो वाद्या तटातट तोडतो. दुसऱ्यांदा थाप, नवे कोरे दोर. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, माझ्या सात बटा मागावर विण. पुन्हा तेच.

थांबा. तीनदा? पहिल्यांदा ठीक आहे, मस्करी वाटली असेल. दुसऱ्यांदाही प्रेमात आंधळा म्हणू. पण जे जे सांगितलं ते ते तिनं करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी 'पलिष्टी आले' हे ओरडली. तिसऱ्या वेळेनंतर त्याला कळलं नसेल असं मानायला मी तयार नाही. त्याला कळलं होतं. तरीही तो रात्री परत त्याच घरी आला.

चौथ्यांदा ती शस्त्र बदलते. माझ्यावर प्रेम आहे म्हणतोस आणि मनातलं सांगत नाहीस? रोज तेच, सकाळ-संध्याकाळ तेच, इतकं की त्याचा जीव मेटाकुटीला येतो. आणि तो सांगून टाकतो. केस, वस्तरा, देवाचा नवस, सगळं. बँकेतून रोज मेसेज येतो ना, तुमचा ओटीपी कुणालाही सांगू नका, आमचा कर्मचारीही विचारणार नाही? ओटीपी सांगणारी माणसं अडाणी असतात हा आपला गोड गैरसमज. सांगणारा बहुतेकदा दमलेला असतो. समोरचा सोडत नाही, आपल्याला वाईटपणा नको असतो, विषय संपवायचा असतो. शमशोनाची खरी कमजोरी केसांत नव्हती. कुणी रडून-भांडून मागे लागलं की 'घे बाई एकदाचं' म्हणून मोकळं व्हायची सवय, ती त्याची कमजोरी. आणि ही काही पहिली खेप नव्हती. दोन अध्याय आधी, तिम्ना गावच्या त्याच्या लग्नात, नवरीनं सात दिवस रडून त्याच्याकडून एका कोड्याचं उत्तर काढलं होतं आणि गाववाल्यांना पोचवलं होतं. तेच रडणं आणि तेच वाक्य, तुझं माझ्यावर प्रेमच नाही. हा पठ्ठ्या दुसऱ्यांदाही तिथंच पाय घसरून पडला.

तिम्नाच्या त्या मुलीबद्दल मात्र मला खरंच वाईट वाटतं. तिला पैसे नव्हते मिळणार. उत्तर काढ नाहीतर तुला आणि तुझ्या बापाच्या घराला जाळू, अशी तिच्या गावच्या लोकांची धमकी होती. तिनं उत्तर दिलं, आणि पुढे दुसऱ्याच एका भांडणात त्यांनी तिला आणि बापाला जाळलंच. माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, दलीलाला ही बातमी माहीत असणारच. एकट्या बाईच्या दारात पाच सरदार उभे राहिले तर ती काय 'नाही' म्हणणार? मुद्दा बिनतोड आहे. मी त्यावर नायगावच्या पुलापासून भाईंदरपर्यंत विचार केला. तरी मला पटत नाही. भीती असती तर लिहिणाऱ्यानं लिहिली असती, दोन पानं मागे त्यानं ती लिहिलीच आहे. इथं त्यानं भाव लिहिलाय. शिवाय, शमशोनानं या खेपेला खरं सांगितलं हे ओळखल्यावर ती सरदारांना निरोप धाडते आणि ते चांदी हातात घेऊनच येतात. घाबरलेली बाई कॅश ऑन डिलिव्हरी घेत नाही.

मग ती त्याला मांडीवर झोपवते आणि एका माणसाला हाक मारते. केस कापले जातात. रुबेन्सचं १६०९-१०च्या सुमाराचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्यात कात्री न्हाव्याच्या हातात आणि तिचा हात शमशोनाच्या पाठीवर, जवळजवळ मायेनं. रेम्ब्रांटनं १६३६ साली उलट केलं. त्याच्या चित्रात तीच कात्री आणि केस घेऊन पळतेय. पळतानाची दलीला जगात जास्त प्रसिद्ध असेल, पण मला पाठीवरचा हात जास्त भीतिदायक वाटतो. काम दुसऱ्याकडून करून घेणं आणि स्वतः प्रेमळ राहणं! हे मी फार जवळून बघितलंय. म्हणजे मैत्रिणीकडून ऐकलंय.

तिची आत्या. गाव सांगत नाही, तिनं सांगू नको म्हटलंय. लग्न झालं नाही, आयुष्य वाडीत गेलं. केळी, पानवेल, मोगरा, पहाटे उठून फुलं भरायची. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर भावांबरोबर तिचंही नाव होतं. हे लक्षात घ्या, कारण आपल्याला उगाच वाटतं की मुलींचा हक्क काल-परवाचा. आपल्या हिंदू घरांत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. ख्रिस्ती घरांत मात्र १९२५च्या वारसा कायद्यानं, मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी सारखे. कागदावर सारखे. प्रत्यक्षात 'हक्कसोडपत्र' नावाचा एक कागद असतो. बहिणीनं प्रेमानं सही करायची, की मला काही नको, भावाला राहू दे.

आत्याचा भाऊ वारल्यावर त्याचा मुलगा, म्हणजे मैत्रिणीचा चुलत भाऊ, हा कागद घेऊन आला. पहिल्यांदा नाताळच्या केकबरोबर. आत्या म्हणाली, चष्मा सापडत नाही. दुसऱ्यांदा ईस्टरला. आत्या म्हणाली, फादरांना विचारून सांगते. तिसऱ्यांदा ती म्हणाली, पावसाळा जाऊ दे. तीन थापा, मोजून. तिला काय चाललंय ते कळत होतं. विहिरीच्या पलीकडच्या दोन वाड्यांवर आधीच पत्रे लागले होते. चौथ्यांदा भाचा नुसताच आला, कागद न घेता. तिच्या कॉटवर बसला आणि म्हणाला, 'आत्या, तुझा माझ्यावर विश्वास नाही ना? लहानपणी तूच मला भरवायचीस.' रोज येऊ लागला. पंधरा दिवसांनी आत्या त्याच्या गाडीत बसून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेली, फोटो काढला, अंगठा मशीनवर ठेवला. येताना त्यानं तिला उसाचा रस पाजला. हा उसाचा रस मैत्रीण दर वेळी सांगते. बिल्डरनं त्याला दोन फ्लॅट आणि काही रोकड कबूल केली होती हे सगळ्यांना नंतर कळलं. दलीलाला मिशा असू शकतात, एवढं मला तेव्हा कळलं.

इमारत उभी राहिली. फसली नाही, कोसळली नाही, लिफ्टसुद्धा आहे. भाचा तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्या मुलीच्या फर्स्ट होली कम्युनियनला आत्या गेली आणि गळ्यातली चेन काढून पोरीला दिली. मी विचारलं, पण का? मैत्रीण म्हणाली, अगं, भाचाच तो. आमच्या वाडीत कुणी कुणाशी बोलणं टाकत नाही, रविवारी एकाच चर्चला जायचं असतं.

सगळ्याच इमारतींना लिफ्ट नसते. नालासोपारा पूर्वेच्या त्या ४१ इमारती तुम्हाला आठवत असतील. डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जमीन, खोट्या कागदपत्रांवर उठलेले मजले, आणि आत दोन हजारांहून जास्त कुटुंबं. हायकोर्टानं २०२४ साली पाडायचा आदेश दिला, २०२५च्या सुरुवातीपर्यंत सगळं जमीनदोस्त. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली ते लोक गाद्या-भांडी घेऊन रस्त्यावर. मग २०२५च्याच ऑगस्टमध्ये, गणेश चतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री, विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट कोसळली. चार मजले, बांधकाम अनधिकृत, वय जेमतेम तेरा वर्षं. १७ माणसं गेली. माझ्या ऑफिसातले लोक दुसऱ्या दिवशी विचारत होते, 'पण लोक अशा ठिकाणी घर घेतातच कशाला?' बॉस, कारण अंधेरीत मिळत नाही. कागदावर शिक्का दिसतो, बँक नाही तर पतपेढी कर्ज देते, आणि माणूस विश्वास ठेवतो. यात घर घेणाऱ्याला लोभी म्हणणं मला चीड आणतं. शिक्का विकणारा वेगळा असतो आणि त्या शिक्क्याखाली झोपणारा वेगळा.

शमशोनाच्या गोष्टीचा शेवटही इमारत पडण्यानंच होतो, हे मला तेव्हा आठवलं. डोळे काढलेला शमशोन गज्जाच्या तुरुंगात जातं ओढतो, केस हळूहळू वाढतात, आणि एका सणाच्या दिवशी पलिष्टी त्याला करमणुकीसाठी दागोनच्या देवळात आणतात. तो मधल्या दोन खांबांना हात लावतो आणि देऊळ खाली येतं. आत पाचही सरदार, गच्चीवरच तीन हजार बाया-माणसं. दलीला त्यात होती का? गोष्ट सांगत नाही. कात्री चालल्यावर तिचं नावच येत नाही पुन्हा. ती चांदी तिनं कुठं ठेवली, तिला झोप लागायची का, ती म्हातारी झाली का, काही नाही. सिनेमानं तिला देवळात आणून पश्चात्ताप करायला लावलाय, पण तो सिनेमा. मूळ पुस्तकात साडेपाच हजार तुकडे घेऊन बाई निघून गेली ती गेलीच.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या सख्ख्या भावाचा फोन आला. उरलेल्या अर्ध्या वाडीसाठी, नुसती फॉर्मॅलिटी, एक सही. तो चांगला मुलगा आहे, मी भेटलेय त्याला. दरवर्षी मला सुकेळी पाठवतो. ती दोन दिवस लोकलमध्ये काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं महाभूलेखवरून सातबाऱ्याचा उतारा काढला, माझ्या फोनवर मोठा करून नावं वाचली, आणि भावाला व्हॉट्सअॅप केलं, 'दादा, सही करते. आधी कागदाची कॉपी पाठव, वकिलाला दाखवते.'

त्यानं अंगठा पाठवला. कॉपी अजून आलेली नाही.